दोघांचा राजीनामा

"मॅडम, मरून जाईन, पण राजीनामा नाही करायचा." सुपडूनं हाताची घडी घातली आणि माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला. मी पेपरवेट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. सकाळी याच माणसानं एकाचं डोकं फोडलं होतं, उगाच धोका कशाला?

बुऱ्हाणपूरजवळच्या एका कागद कारखान्यात मी वेलफेअर ऑफिसर होते. वेलफेअर ऑफिसर म्हणजे कामगारांची दुखणी, भांडणं, रजा, कँटीनमधली पातळ डाळ, जे कुणाच्याच खात्यात बसत नाही ते सगळं बघणारी बाई. साताऱ्याहून बदली होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. मानसशास्त्र शिकलेली, वीस वर्षं माणसं हाताळलेली. सांगायचं म्हणजे, थोडी शिष्टच होते.

सुपडूनं ज्याला मारलं तो प्रल्हाद. दोघं फिनिशिंग विभागात रिवाइंडरवर. मशीनवरून कागदाचा हत्तीएवढा रोल निघतो, तो कापून लहान रिळं करायचं यंत्र म्हणजे रिवाइंडर. रिळाच्या पोटात पुठ्ठ्याची जाड नळी असते, तिला कोर म्हणतात. त्या मंगळवारी सकाळी चहाच्या सुट्टीत सुपडूनं हातभर लांबीचा कोर उचलला आणि प्रल्हादच्या कपाळावर हाणला. भुवईच्या वर दोन टाके पडले.

सगळी शिफ्ट चक्रावली. कारण ही जोडी म्हणजे राम-लक्ष्मण. पंधरा वर्षं एका डब्यात जेवलेले. प्रल्हाद लोधीपुऱ्यात राहायचा, सुपडू तापीपल्याड जैनाबादला. कारखाना अलीकडं. तरी प्रल्हाद रोज पूल ओलांडून उलटा जायचा, सुपडूला आपल्या मोटरसायकलवर घ्यायचा आणि परत पूल ओलांडून कामावर यायचा.

जीएम साहेब इंदूरकडचे. मराठी समजायचं, बोलायचे हिंदीतच. त्यांनी फोन केला. "मैडम, पुलिस-वुलिस नहीं चाहिए मुझे. शाम पाँच बजे तक दोनों का राजीनामा मेरी टेबल पर."

मी म्हटलं, "सर, दोनों का?"

"तो क्या एक का होता है? राजीनामा तो दोनों का ही होगा."

"सर, ये थोडा ज्यादा नहीं हो रहा?"

"ज्यादा? मैडम, ये तो सबसे कम है. नहीं तो चार्जशीट दूँ दोनों को? और सुनिए, प्यार से लीजिएगा. जबरदस्ती वाला राजीनामा टिकता नहीं."

फोन ठेवला आणि मी मनातल्या मनात साहेबांना अशा शिव्या दिल्या की साताऱ्याच्या मातीनं मान डोलवावी. पंधरा वर्षांची नोकरी, दोघांच्या घरी शिकणारी पोरं, आणि हा बाबा म्हणतो प्यार से लीजिए! पण कारखान्याच्या आवारात मारामारी हा नियमानं मोठा गुन्हा. चार्जशीट झाली, चौकशी लागली, तर काढूनच टाकतात, आणि तसा शिक्का बसला की दुसरीकडं कुणी उभं करत नाही. त्यापेक्षा स्वतःहून सोडलेली बरी, असा साहेबांचा हिशेब असणार, अशी मी समजूत घातली स्वतःची. माझे क्लर्क बाबू त्या दिवशी रजेवर होते. ते असते तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

आधी प्रल्हादला बोलावलं. कपाळाला पट्टी, पण चेहरा लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखा. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं माझा हलणारा पंखा थोपवून त्याचा स्क्रू हातानं पिळला.

"किती आवाज करू राह्यला हा. सांगायचं ना मॅडम, मी केला असता नीट."

"प्रल्हाद, बस. वाईट बातमी आहे. साहेबांना तुमचा दोघांचा राजीनामा हवाय."

"हाव, देतो ना. कुठं लिहू?"

"अरे, विचार कर. घरी तरी विचार."

"घरी काय विचारायचं? बायको खूश होईल. ती तर सकाळीच फोनवर बोलली, आज संध्याकाळच्या आत मिटवा."

"आणि मुलं?"

"मुलांचं काय त्याच्यात?" त्यानं कागद ओढला आणि सुबक अक्षरात हिंदीत लिहून टाकलं: मेरी कोई शिकायत नहीं है, मैं अपनी मर्जी से राजीनामा करता हूँ. खाली ऐटीत सही. मग पेन तसंच हातात धरून म्हणाला, "सुपडूचा पण लिहून टाकू का? त्याची हिंदी कच्ची आहे. तो फक्त सही करेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू! मित्रानं डोकं फोडलं, नोकरी चालली, तरी कंपनीबद्दल तक्रार नाही आणि वर मित्राच्या हिंदीची काळजी. "राजीनामा करता हूँ" हे मला जरा खटकलं. आम्ही राजीनामा 'देतो', 'करत' नाही. पण बुऱ्हाणपूरची मराठी हिंदीच्या पाटावर बसून जेवते, तेव्हा म्हटलं इकडची पद्धत असेल. विचारलं नाही. तीन महिन्यांत मी कुणालाच काही विचारलं नव्हतं. विचारायचं काय, मी मदत करायला आलेली बाई!

त्यानंतर सुपडू आला आणि हाताची घडी घालून बसला.

"कुणी लिहिला? प्रल्हादनं?" तो म्हणाला. "लिहिणारच तो. सगळ्यात आधी तोच पुढं. मी नाही करायचा."

मला हेही पटलं. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस. पण मग मारलं कशाला? मार खाल्ला त्यानं आणि रुसलाय हा, हे गणित काही बसेना. मी चहा मागवला. माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, बशीत ओतलेला चहा संपेपर्यंत माणूस गप्प बसतो आणि संपला की बोलतो.

सुपडू बोलला. दोन वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने जड उचलू नको. तेव्हा प्रल्हादनं त्याचे सगळे कोर उचलले, ओव्हरटाइम केला, डबा आणला, गाडीवरून न्यायला-आणायला सुरुवात केली. देवमाणूसच.

"तीन महिने बोलला होता डॉक्टर," सुपडू म्हणाला. "दोन वर्षं झाली मॅडम. मी कोरला हात लावला की तो आडवा येतो. राहू दे सुपडू, तुले जमायचं नाही. साऱ्या शिफ्टसमोर! परवा नवीन माणसं आली, त्यांले पहिल्याच दिवशी सांगितलं, याले जड देऊ नका. मी काय म्हातारा झालो? आणि माझी गाडी."

"कुठली गाडी?"

"दिवाळीत मोटरसायकल घेतली ना मी. चादर टाकून उभी आहे अंगणात. रोज सकाळी निघायच्या आधी हा येऊन हॉर्न वाजवतो. दारात आलेल्या माणसाले कसं बोलायचं, जा म्हणून?"

"एकदा तरी सांगितलंस का त्याला?"

"काय सांगू? मदत करतो म्हणून भांडू? लोक मलेच शेण घालतील तोंडात." त्यानं बशी ठेवली आणि परत हाताची घडी घातली. "आणि त्यानं मले कधीच काही मागितलं नाही. पंधरा वर्षांत एक माचिस नाही मागितली."

हे तो इतक्या हळू बोलला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. आमच्या शास्त्रात याला मोठमोठे शब्द आहेत. साधं सांगायचं तर, सतत घेत राहणाऱ्या माणसाचा हात खाली राहतो, आणि खाली राहिलेल्या हाताची कधीतरी मूठ होते. हे मी भाषणात शंभरदा सांगितलंय. समोर बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"पण आज सकाळी काय झालं?"

सुपडूचे कान लाल झाले. त्याचं वय बेचाळीस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आणि मग लॅबमधल्या वंदनाचं नाव निघालं.

वंदना आमच्या लॅबमध्ये कागदाचा ओलावा मोजायची. चाळिशीच्या अलीकडची, नवऱ्यापासून रीतसर वेगळी झालेली, स्वतःच्या स्कूटीवर येणारी, मोजकं बोलणारी बाई. नियम असा की एका रोलमागं एक पट्टी कापून लॅबमध्ये न्यायची. सुपडू तीन न्यायचा. आधीच्या दोन महिन्यांत आमच्या कारखान्याच्या कागदाचा ओलावा जितका तपासला गेला तितका देशात कुठंच तपासला गेला नसेल. मलाही ते रजिस्टर बघून वाटलं होतं, वा, काय क्वालिटीची जाण आहे!

हे प्रल्हादच्या लक्षात आलं. आणि त्यानं काय केलं? मदत केली. मंगळवारी सकाळी तो चहाचा ग्लास घेऊन सरळ लॅबमध्ये गेला आणि चार माणसांदेखत वंदनाला म्हणाला, "आमचा सुपडू लाजतो, म्हणून मीच बोलतो. माणूस सोनं आहे. फक्त हर्नियाचं ऑपरेशन झालंय, जड उचलता येत नाही. पण त्याची तुम्ही फिकर करू नका, तेवढं मी उचलत जाईन."

लॅबमध्ये हशा पिकला. सुपडू हातात तीन पट्ट्या घेऊन दारातच उभा होता.

मी तोंडावर पदर धरला. हसू दाबायचं होतं आणि त्याची कीवही येत होती, दोन्ही एकदम. कोर उचलता येत नाही म्हणाला ना? सुपडूनं उचलून दाखवला, एवढंच.

"मग राजीनामा कसा करू त्याच्याशी?" सुपडू म्हणाला. "आज केला की उद्या सकाळी परत हॉर्न."

आता "त्याच्याशी" हा शब्द ऐकून तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. राजीनामा काय कुणाशी देतात? पण घड्याळात साडेचार वाजले होते आणि मला पाच दिसत होते. शिवाय प्रल्हादचा तो सुबक अक्षरातला कागद समोर. मला वाटलं, मित्रानं केवढा त्याग केलाय, हे याला कळायला तर हवं.

"सुपडू, नीट ऐक. तू मारलंस, आणि तो काय करून बसलाय बघ. नोकरी सोडली त्यानं. उद्यापासून तो कामावर येणार नाही."

सुपडूनं घडी सोडली. "नोकरी? कावून?"

"कावून काय? तुझ्या भांडणापायी. आणि तक्रारीचा एक शब्द नाही बघ, हसत सही केली."

तो उठला. मला वाटलं पाणी प्यायला चालला असेल. तो थेट बाहेर पडला, आवार ओलांडलं आणि जीएम साहेबांच्या केबिनमध्ये घुसला. प्यूनला हातानं बाजूला सारलं त्यानं. मी पदर सावरत मागं धावले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी एवढी धावेन असं मला वाटलं नव्हतं.

"साहेब," सुपडू म्हणाला, "मारा मैंने. गलती मेरी. प्रल्हाद की नौकरी मत लो. उसकी दो लडकी कॉलेज में है. मेरा क्या, मेरी केळी की जमीन है दो एकर, मैं देख लूँगा. मेरी नौकरी काट दो और उसको वापस लो. अभी के अभी."

साहेबांनी चष्मा काढला. "किसने ली प्रल्हाद की नौकरी?"

सुपडूनं माझ्याकडं बोट केलं.

मी टेबलावर तो कागद ठेवला. "सर, आपने ही कहा था. दोनों का राजीनामा."

साहेबांनी कागद वाचला. माझ्याकडं बघितलं. परत कागद वाचला. मग फार हळू, लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "मैडम, आपके सातारा में राजीनामा किसको बोलते हैं?"

"नौकरी छोडने को, सर."

"उसको हम इस्तीफा बोलते हैं. राजीनामा मतलब समझौता. दोनों पार्टी राजी, इसलिए राजीनामा."

माझ्या डोक्यातून सकाळपासूनची सगळी वाक्यं उलटी धावली. "राजीनामा तो दोनों का ही होगा." बरोबरच आहे, एकट्याचा समेट कसा होणार! "बायको खूश होईल." होईलच की. "राजीनामा कसा करू त्याच्याशी?" अरे देवा! सकाळपासून मी दोन माणसांना समेटाच्या नावाखाली घरी पाठवायला निघाले होते. चुकून सुपडूनंही सही केली असती आणि मी ते कागद इस्तीफा म्हणून हिशेब-विभागाकडं धाडले असते तर?

साहेब हसत नव्हते. फक्त त्यांचे खांदे हलत होते.

प्रल्हादला बोलावलं. त्याला मीच सांगितलं, म्हटलं आपली चूक आपल्या तोंडानं सांगावी. ऐकता ऐकता त्याचा लग्नघराचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे दिवसभर माझी नोकरी गेलेली होती? आणि मी कँटीनमध्ये पोहे खात होतो? मॅडम, एकदा विचारायचं तरी!"

"चुकलं माझं, प्रल्हाद."

"और सुनो," साहेब त्याला म्हणाले, "ये तुम्हारे बदले अपनी नौकरी देने आया है."

प्रल्हादनं सुपडूकडं बघितलं. त्याचे हात काहीतरी काम शोधत होते. टेबलावरची फाईल त्यानं सरळ केली, मग परत तिरकी केली. "नही नही," तो पुटपुटला, "याची काय गरज होती. मी पाहून घेतलं असतं. तू कशाले, तुले आधीच..."

"प्रल्हाद," सुपडू म्हणाला, "घे ना भो. एकदा घेऊन तर बघ."

आणि तो पंखे पिळणारा, पूल ओलांडणारा, सगळ्यांचं सगळं उचलणारा माणूस साहेबांच्या केबिनमध्ये हुंदके देऊन रडायला लागला. सुपडूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पट्टी ओली होऊ नये म्हणून एका हातानं त्याचं कपाळ वर धरलं होतं. मीही रडले. साहेबांनी तेवढ्यात कुणाला तरी फोन लावल्यासारखं केलं.

खरा राजीनामा त्यानंतर लिहिला. सुपडूनं स्वतःच्या हातानं, कच्च्या हिंदीत. कोर ज्याचा तो उचलेल. उद्यापासून सुपडू आपल्या गाडीवर येईल आणि वाटेत लोधीपुऱ्यातून प्रल्हादला घेईल. आणि तिसरं कलम, त्यावर सुपडू अडूनच बसला: प्रल्हाद लॅबमध्ये पाऊल टाकणार नाही. दोघांनी सह्या केल्या. प्रल्हादचा पहिला कागद मी स्वतः नेऊन ब्रोकच्या ढिगात टाकला. चुकलेला कागद आमच्याकडं फेकत नाहीत, परत पाण्यात घालून त्याचा लगदा करतात. त्याला ब्रोक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मला "राजीनामा मॅडम" हे नाव पडलं. कँटीनमध्ये मी डाळ मागितली की वाढणारा विचारायचा, "दाल आपके यहाँ किसको बोलते हैं मैडम?" मी हसून घ्यायचे. घ्यायला शिकत होते. क्लर्क बाबू परतल्यावर त्यांच्याकडून रोज दोन शब्द विचारून घ्यायला लागले, आणि त्या बाबूंना, जे आधी माझ्यापुढं मान खाली घालून उभे राहायचे, एकदम कंठ फुटला. प्रल्हादला हसायचा मला काय अधिकार होता? तीन महिने मीही सगळ्यांचे कोर उचलत फिरत होते आणि कुणाकडं काडेपेटी मागितली नव्हती.

वंदनाला मी एकदा चाचपून बघितलं. ती ओलाव्याच्या यंत्रातून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, एका रोलमागं तीन पट्ट्या कोण आणतं, ते काय मला कळत नव्हतं का? मी पण तिन्ही तपासत होतेच की."

पुढं सहा-आठ महिन्यांनी, एका सोमवारी भर शिफ्टमध्ये तिची स्कूटी नादुरुस्त झाली. ती नक्की किती नादुरुस्त होती हे मी विचारलं नाही. सुपडूच्या मोटरसायकलवर मागं एकच माणूस बसतं, आणि सकाळी त्याच्या मागं बसून आलेल्या प्रल्हादची गाडी घरीच होती.

त्या सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीच्या जीपमध्ये बसत होते. प्रल्हाद फाटकाशी उभा होता, डबा या हातातून त्या हातात करत. दोन पावलं पुढं आला, एक मागं गेला. इतकी वर्षं लोकांना गाडीवर बसवणाऱ्या माणसाला ते चार शब्द जमवायला बराच वेळ लागला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला, मी त्याला थांबवलं.

"मॅडम," शेवटी प्रल्हाद म्हणाला, "लोधीपुऱ्यापर्यंत... जागा आहे का?"

"हाव," मी म्हटलं आणि सरकून बसले. एवढी भाषा तोवर मला आली होती.